माझा छंद : जुनी मोटारगाडी आणि बर्फाळ देशातला हिवाळा



'माझा आवडता छंद' हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. कुणी लिहितं वाचन, कुणी क्रिकेट, कुणी तिकिटं जमवणं. यंदा एका मुलीने मलाच विचारलं, "बाई, तुमचा छंद काय?" मी म्हटलं, "जुनी गाडी." सगळा वर्ग हसला. त्यांना वाटलं, माझ्या स्कूटीबद्दलच बोलतेय! म्हणून आज हा निबंध मीच लिहितेय. पण यात छंदाबरोबर माझी एक चूकही आहे, आणि ती तुम्हाला सांगायचीच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. डी.एड. झाल्या झाल्या नोकरीला लागले. माझ्या वडिलांचं कराडला छोटं गॅरेज होतं. फियाट गाड्यांच्या बॉनेटखाली डोकं घालूनच मी लहानाची मोठी झाले. पुढे मिस्टरांना स्वीडनमध्ये काम मिळालं, म्हणून मी तीन वर्षांची असाधारण रजा घेतली आणि मुलाला घेऊन तिकडे गेले. गावाचं नाव ऊमेओ. स्वीडनच्या उत्तर भागात आहे. तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेचार तासांचा असतो आणि दुपारी दोनलाच दिवे लावावे लागतात.

पहिल्या हिवाळ्यात मी अगदी कोमेजून गेले होते. इथे मला गावात सगळे 'बाई' म्हणून ओळखायचे. तिथे माझ्या डी.एड.वर शाळेत शिकवता येत नव्हतं. भाषा येत नव्हती. सकाळी उठून 'आता कुठे जायचं?' हा प्रश्न रोज पडायचा.

गाडी कशी आली?

दुसऱ्या वर्षी मेमध्ये शेजारच्या घरात एक गाडी विकायला निघाली. 1966 सालची व्होल्व्हो अ‍ॅमेझॉन. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, गाडीसुद्धा ऑनलाइन मागवली का?" मग तिला समजावलं, की हे गाडीचंच नाव आहे, 1956 पासूनचं.

गंमत बघा. ही गाडी बनली तेव्हा स्वीडनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक होती. 3 सप्टेंबर 1967 ला पहाटे पाच वाजता अख्ख्या देशाने एकाच वेळी बाजू बदलली आणि सगळे उजवीकडून गाडी चालवू लागले. म्हणजे आमच्या गाडीने दोन्ही बाजू पाहिलेल्या! आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून जो सीटबेल्ट लावतो, तो याच कंपनीच्या निल्स बोहलिन या इंजिनिअरने तयार केला आणि 1959 पासून गाड्यांत बसू लागला. कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. वर्गात वाहतुकीचे नियम शिकवताना ही गोष्ट जरूर सांगा, मुलं कान देऊन ऐकतात.

गाडीबरोबर मी जुन्या गाड्यांच्या तिथल्या क्लबची सभासदही झाले. बहुतेक सभासद निवृत्त झालेले. तिथे लहानथोर सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, 'अहो-जाहो' नाहीच. पंचाहत्तरीच्या माणसाला नावाने हाक मारायला माझी जीभ काही रेटेना. मी मनातल्या मनात त्यांना 'आजोबा' म्हणायचे. ते मात्र मला सरळ नावाने हाक मारून म्हणायचे, "ये, कॉफी घे, मग स्पॅनर घे."

हिवाळा म्हणजे गाडीची रजा

तिकडे जुन्या गाड्या हिवाळ्यात रस्त्यावर आणत नाहीत. रस्त्यावरचं मीठ पत्रा खाऊन टाकतं. म्हणून ऑक्टोबरात गाडी 'सध्या वापरात नाही' अशी कागदोपत्री नोंदवतात आणि वसंतातल्या पावसाने रस्ते धुऊन निघाले की पुन्हा बाहेर काढतात.

पण रजा म्हणजे नुसतं कुलूप लावणं नाही बरं का! किती तयारी असते बघा :

- टाकी पूर्ण भरायची. रिकाम्या जागेतल्या हवेतलं बाष्प थंडीत पाणी होऊन टाकीला गंज आणतं.
- इंजिन ऑइल बदलायचं. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेलं असतं, ते महिनोन् महिने आत राहू द्यायचं नाही.
- बॅटरी काढून चार्ज ठेवायची. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी उणे 50 अंशांतही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे 10 च्या आसपासच गोठते आणि फुटते.
- हँडब्रेक सोडून ठेवायचा, नाहीतर तो चिकटून बसतो. चाकांना अडण लावायची.
- सायलेन्सरच्या तोंडात बोळा घालायचा. उंदरांना तिथे घर फार आवडतं!
- आणि सर्वांत महत्त्वाचं, रेडिएटरमधलं पाणी तपासायचं. त्यात ग्लायकॉल नावाचा द्रव मिसळतात. निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असेल, तर उणे 35 अंशांपर्यंत काळजी नसते. हा द्रव चवीला गोड पण विषारी असतो, म्हणून मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवायचा.

स्वीडनमध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला नेहमीची सरकारी तपासणी लागत नाही. मला वाटलं, चला, परीक्षा नाही! आजोबा म्हणाले, "परीक्षा नाही म्हणूनच तुझा तू जास्त अभ्यास करायचा."

माझी चूक

ऑगस्टमध्ये रेडिएटरचा पाइप गळत होता. फिरायला गेलो तेव्हा तीन वेळा मी नळाचं साधं पाणी ओतलं. पुढे पाइप बदलला, पण आतलं मिश्रण किती पातळ झालंय हे तपासलंच नाही. क्लबमध्ये ऑक्टोबरात सगळ्यांच्या रेडिएटरचं पाणी मोजायची संध्याकाळ असते. त्या दिवशी मी गेले नाही. दिसायला हिरवं होतं ना, मग झालं!

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री पारा उणे 15 वर गेला. सकाळी गॅरेज उघडलं तर जमिनीवर हिरवट बर्फाचा चिखल. इंजिनाच्या बाजूला भोकांवर पत्र्याची गोल बुचं असतात, नाण्यापेक्षा थोडी मोठी. त्यातली दोन बाहेर फेकली गेली होती. मला वाटलं, बुचं निघाली म्हणजे इंजिन वाचलं. आजोबांनी टॉर्च मारून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "ही भोकं इंजिन वाचवायला नसतात. ओतकाम करताना आतली वाळू काढायला ठेवलेली असतात." खाली बिडाच्या ब्लॉकला केसाएवढी चीर गेली होती.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. गाडीसाठी रडले, हे खरं. पण मला आठवत होता माझा पाचवीचा वर्ग.

रजेवर जायच्या आधीचं वर्ष. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'पाण्याचा बर्फ झाला की तो जास्त जागा व्यापतो.' शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, थंडीत सगळं आकसतं म्हणता. मग पाणीच का फुगतं?" घटक संपवायचा होता, तपासणी तोंडावर होती. मी म्हटलं, "पुस्तकात दिलंय तेवढं लिही." तो बसला. नंतर वर्षभर त्याने हात वर केल्याचं मला आठवत नाही.

मला उत्तर येत नव्हतं, हे खरं कारण. पाणी चार अंशांखाली गेलं की आकसायचं सोडून फुगू लागतं. गोठताना त्याचे रेणू सहा कोनांच्या जाळीसारखे रचले जातात आणि मध्ये मोकळी जागा राहते, म्हणून बर्फ साधारण 9 टक्के जास्त जागा घेतो. हे मी त्या नोव्हेंबरात शोधून वाचलं. वर्षानुवर्षं शिकवलेलं वाक्य मला पहिल्यांदा कळलं, तेही चिरलेल्या लोखंडात!

चुकांचं कपाट

क्लबच्या शेडमध्ये काचेचं एक कपाट आहे. त्यात मोडलेले दात असलेले गिअर, जळालेले व्हॉल्व्ह, वितळलेला पिस्टन असं सगळं मांडलेलं. प्रत्येकाखाली चिठ्ठी. कुणी मोडलं, कधी, आणि का. पिस्टनखाली आजोबांचंच नाव होतं. ते मला एक शब्दही रागावले नाहीत. बाहेर पडलेल्या दोन बुचांपैकी एक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि कोरी चिठ्ठी पुढे केली. "लिही. पुढच्या माणसाला उपयोग होईल."

मी मोडक्या स्वीडिशमध्ये लिहिलं, 'मी मोजलं नाही.'

मग हिवाळाभर काम चाललं. एका सभासदाच्या गोठ्यात जुना ब्लॉक पडून होता, तो मिळाला. दर बुधवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमायचो. स्वीडनमध्ये 'अभ्यासमंडळ' नावाची शंभर वर्षांहून जुनी पद्धत आहे. त्यात गुरुजी नसतात, सगळे मिळून शिकतात. आमचं इंजिन तसंच जुळलं. ज्याला येतं तो करत नव्हता, ज्याला येत नाही त्याच्या हातात पाना देत होता. मला हे पाहायला फार वेळ लागला, कारण मी असती तर खडू माझ्याच हातात ठेवला असता. मेमध्ये चोक ओढून किल्ली फिरवली आणि तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन सुरू झालं. कराडला वडिलांना फोन लावून नुसता आवाज ऐकवला. ते म्हणाले, "टाइमिंग जरा पुढं आहे." बरोबर होतं!

परत आल्यावर

रजा संपली, गाडी तिथेच क्लबमधल्या एका तरुण मुलीला देऊन आले. दुसरं बूच मात्र माझ्याबरोबर आलं.

आल्यावर बाजारच्या दिवशी तो मुलगा एस.टी. स्टँडवर भेटला. आता हायस्कूलला आहे, मिसरूड फुटलंय. मी त्याला सगळं सांगितलं, बर्फाची जाळी, 9 टक्के, माझी चिरलेली गाडी. आणि म्हटलं, "त्या दिवशी मला येत नव्हतं रे." तो लाजून हसला. म्हणाला, "बाई, मला तर आठवतच नाही, मी असं विचारलं होतं."

त्याला आठवत नाही, याने मला बरं वाटलं की वाईट, हे अजून ठरवता आलेलं नाही.

आता माझ्या वर्गात खिडकीजवळ एक फळी आहे. तिच्यावर पहिली वस्तू ते बूच, आणि खाली मराठीत चिठ्ठी, 'बाईंनी मोजलं नाही.' मुलांनीही आपल्या चुका ठेवल्यात. उलटा लावलेला नकाशा, पाणी जास्त होऊन कुजलेलं मेथीचं रोप, 'बाईंना विचारलं, त्यांनाही माहीत नाही' अशी एक चिठ्ठीसुद्धा! तिचं उत्तर आम्ही सगळे मिळून शोधतोय.

पालकहो, घरी एक छोटा प्रयोग करून बघा. प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि रात्रभर फ्रीझरमध्ये उभी ठेवा. काचेची बाटली मात्र नको. सकाळी मुलाला काही सांगू नका. खूण आणि बर्फ त्याच्यासमोर ठेवा आणि त्याला विचारू द्या. उत्तर येत नसेल तर तसं सांगा.