दौलताबादच्या हौदापाशी

'भीमायन' आठवीच्या मुलांना वाचून दाखवायला घेतलं, तेव्हा माझा अंदाज होता की मुलं चित्रांपाशी अडखळतील. पुस्तक दिसायला कॉमिकसारखं, पण आत चौकटी नाहीत. पानभर नक्षी वळणं घेत जाते आणि तीच एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा करते. माणसांचं बोलणं ज्या फुग्यांत लिहिलंय त्यांचेही आकार निराळे. साध्या, मायेच्या बोलण्याचा फुगा पाखरासारखा. टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराला डोळा. तहानलेल्या भीमाच्या अंगात मासा दिसतो. बडोद्याच्या बागेत आसरा शोधत बसलेले बाबासाहेब स्वतःच बाग होऊन जातात. म्हटलं तर सगळा तिलिस्म. आणि बसस्टॉपवर गप्पा मारणारी दोन माणसं सोडली, तर गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींची.

हे पुस्तक २०११ साली 'नवयान'नं इंग्रजीत काढलं. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. व्याम पती-पत्नी परधान गोंड, मध्य प्रदेशातले. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, वंशावळी आणि देवांच्या कथा बाना वाजवून सांगणारे. माणसांना चौकटीत कोंबायला या दोघांनी नकार दिला. आमची कला मोकळी आहे, तिथं सगळ्यांना श्वास घ्यायला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून घरच्या भिंतींवर काढायची 'दिग्ना' नक्षी पानांवर आली. ज्या माणसाला आयुष्यभर कुठं बसायचं आणि कुठं नाही हे आखून दिलं गेलं, त्याची गोष्ट चौकटीशिवाय सांगायची! मला तर हीच या पुस्तकातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

आमची शाळा उर्दू माध्यमाची. मी मराठी शिकवते, गरज पडली की उर्दूही. इंग्रजी पान समोर धरून मी अर्धं मराठीत, अर्धं मुलांच्या घरच्या बोलीत सांगत गेले. चित्रांनी मुलांना अजिबात त्रास दिला नाही. आणि का द्यावा? आम्ही चंद्रपूरचे. आमचं गावच एका अशक्य चित्रावर उभं आहे. खांडक्या बल्लाळशहा या गोंड राजाच्या अंगावर गळवं होती. झरपटीच्या काठी एका डबक्याचं पाणी प्यायला, अंग धुतलं आणि बरा झाला. मग एक दिवस पाहतो तर काय, कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा कुत्र्याचा पाठलाग करतोय! राणी म्हणाली, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेनं कोट बांधा. कोट आजही आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अचलेश्वर या दरवाजांतून रोज ऑटो, स्कूटर, भाजीच्या गाड्या जातात आणि वर दगडात हत्तीवर स्वार झालेला सिंह बसलेला असतो. ससा खरा होता का, असं इथं कुणी विचारत नाही. परकोट खरा आहे ना!

घरातही हेच. माझी नानी अमीर हमजाची दास्तान सांगायची. हजरत हमजा रजि. हे हुजूरांचे चुलते, उहुदच्या लढाईत इ. स. ६२५ मध्ये शहीद झाले, हा इतिहास. दास्तानीतला हमजा मात्र अठरा दिवसांसाठी म्हणून कोहकाफला जातो आणि देवांशी लढत अठरा वर्षं अडकून पडतो. अकबर बादशहानं या दास्तानीची हातभर उंचीची चित्रं करून घेतली, मागच्या बाजूला मजकूर लिहिलेला. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण उहुदचे हमजा आणि कोहकाफचे हमजा यांची गल्लत तिनं कधी केली नाही. एकाचं नाव घेताना ती पदर डोक्यावर सारखा करायची, दुसऱ्याच्या वेळी सुपारी कातरत बसायची.

तर मुलं पाखराच्या फुग्यांवर खूश होती. सातारहून गोरेगावला वडिलांना भेटायला निघालेली पोरं, मसूर स्टेशनवर गाडीवानांचा नकार, रात्रभर प्यायला पाणी नाही. १९०१ सालचं हे सगळं त्यांनी गप्प बसून ऐकलं. कुणी शंका काढली नाही.

शंका आली ती दौलताबादच्या पानावर. मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. "मॅडम, ये सच्ची है क्या? की कहानी में डाला?"

अंगात मासा असलेलं पोर त्याला चाललं होतं. चाललं नाही ते दाढीवाल्या म्हाताऱ्याचं ओरडणं.

प्रसंग असा. साल १९३४. बाबासाहेब आपल्या चळवळीतल्या तीसेक सहकाऱ्यांसोबत वेरूळ बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला हौद. प्रवासाच्या धुळीनं तोंडं माखलेली, म्हणून काहींनी हात-पाय-तोंड धुतलं. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक मुसलमान म्हातारा मागून धावत आला. यांनी हौद बाटवला म्हणून त्यांच्या जातीच्या नावानं ओरडू लागला. बघता बघता तरुण-म्हातारे जमले, शिव्या सुरू झाल्या. आम्ही बाहेरचे, इथली रीत आम्हाला माहीत नाही, असं सांगून पाहिलं, तर जमाव तिथल्या स्थानिक अस्पृश्यांवर उलटला. शेवटी बाबासाहेबांनी संतापून विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का? उद्या यांच्यातला कुणी मुसलमान झाला, तर त्यालाही या पाण्यापासून अडवाल? जमाव गप्प झाला. किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण आत कुठंही पाण्याला शिवायचं नाही या अटीवर. लक्ष ठेवायला सोबत एक हत्यारबंद शिपाई.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे आहे. १९९० साली ती पुस्तिका छापून आली. मी मुलाला सांगितलं, "हां बेटा, सच्ची है." वर्गात जी शांतता पसरली ती मसूरच्या पानावरच्या शांततेसारखी नव्हती. तिथं मुलं दुसऱ्या कुणाचं तरी ऐकत होती.

मग फळ्यावर काही न लिहिता मी त्यांना मकतबमधलाच मसला विचारला. माणसाचं उष्टं पाणी पाक की नापाक? पाच-सहा जण एकदम ओरडले, "पाक!" कुठल्या माणसाचं? मुसलमानाचंच? "नहीं मॅडम, किसी का भी." बरोबर. माणूस शिवल्यानं पाणी नापाक होतं असं आपल्या फिकहात कुठंही नाही. भरलेल्या हौदाची तर गोष्टच सोडा. मग रोजा ठेवलेल्या त्या म्हाताऱ्याला हा विटाळ कुणी शिकवला? एक मुलगी म्हणाली, "मोहल्ले ने." मी बी.एड.ला समाजशास्त्राचा अख्खा पेपर दिला होता. इतकं थोडक्यात उत्तर मला तेव्हा लिहिता आलं नसतं.

माझ्या मुस्लिम वाचकांशी इथं दोन शब्द बोलायचेत. दौलताबादचा विषय निघाला की आपण चटकन महाड पुढे करतो. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्यावरून परतणाऱ्यांवर हल्ला झाला, तेव्हा मुसलमानांच्या घरांनी काहींना आसरा दिला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली. दोन्ही खरं आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मी ते वर्गात सांगितलंही, पण दुसऱ्या दिवशी. त्याच तासाला सांगितलं असतं, तर मुलांनी महाडची जमीन दौलताबादच्या हौदावर पसरून पाणी झाकून टाकलं असतं. मोठी माणसं हेच करतात. रिश्ता जमवताना बिरादरी विचारणारे, अमक्या मोहल्ल्यातल्यांच्या घरी पाणी प्यायचं टाळणारे आपल्याकडे अजूनही आहेत, आणि त्यांच्या तोंडी मसावातचं भाषण सगळ्यांत लांब असतं.

शिवाय हे चंद्रपूर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि १६ तारखेला बाबासाहेब इथं आले. आमच्या मुलांचे शेजारी, क्लासमधले दोस्त त्या दीक्षेच्या घरांतले आहेत. त्यांच्या घरी दौलताबाद माहीत आहे. आमच्याच मुलांना ते माहीत नसावं, हे कसं चालेल? १९३४ सालच्या त्या प्रश्नाला जमावानं उत्तर दिलं नाही आणि पुढच्याच वर्षी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा झाली. त्यानंतर कुठं जायचं याचा विचार बाबासाहेब एकवीस वर्षं करत होते. त्या विचारात हौदाच्या काठाचा वाटा किती होता, हे मी सांगू शकत नाही. पण तो काठ त्यांनी विसरून जाण्याऐवजी लिहून ठेवला, एवढं नक्की.

चार दिवसांनी एक वडील शाळेच्या फाटकापाशी थांबले. सज्जन माणूस, बल्लारपूर रोडवर गॅरेज आहे. म्हणाले, "मॅडम, पढ़ाओ, बाबासाहब तो अपने भी हैं. पर वो एक पन्ना छोड़ देते तो? वैसे ही जमाना अपने नाम पे बैठा है." त्यांची भीती खोटी नाही. टीव्ही लावला की तीही दिसते. मी म्हटलं, "भाईसाब, बडोद्याच्या पानावर पारशी लाठ्या घेऊन येतात, हिंदू दोस्त आणि ख्रिस्ती दोस्त दोघंही घरात ठेवायला कचरतात. ते पान ठेवायचं आणि आपलंच तेवढं फाडायचं?" ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "तस्वीरें किसने बनाई?" मी सांगितलं, गोंड लोकांनी. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, अंगठ्याचं ग्रीस पँटला पुसलं आणि स्कूटरवर बसूनच पानं उलटायला लागले. मुलगा मागच्या सीटवरून एकेक फुगा दाखवत होता, हा पाखराचा, हा विंचवाचा.