पिवळ्या रेषेचा पुरावा

विजयदुर्गावरील ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना मी एकदा शाळकरी मुलांना मोठ्या अभिमानाने सांगितले होते, की नॉर्मन लॉकयर यांना १८६८च्या ग्रहणात हेलियम सापडला तो येथेच. पुढे वाचनात आले, की सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा लॉकयर यांनी त्या वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने न पडताळता बोलावे, याची लाज अजून जात नाही. म्हणून आज त्याच रेषेची, पण पडताळणीची गोष्ट.

युरेनियमच्या प्रारणातील, पातळ पत्र्यानेही अडणाऱ्या भागाला अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १८९९मध्ये ‘अल्फा’ हे नाव दिले. अल्फा कण म्हणजे विद्युतभारित हेलियमच असावा, असा त्यांचा कयास होता. पुरावा मिळाला तो १९०८मध्ये, मँचेस्टरला. काच फुंकणारे ओटो बाउमबाख यांनी एक नळी अशी घडवली, की तिची भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ होती : वायू आत कोंडलेला राहील, अल्फा कण मात्र आरपार जातील. (या कथेचा नायक मला हा कारागीरच वाटतो.) रदरफोर्ड आणि टॉमस रॉइड्स यांनी तीत रेडॉन भरला, भोवती दुसरी, निर्वात नळी. दोन दिवसांनी बाहेरच्या नळीतील वायूच्या वर्णपटात पिवळी रेषा उमटली; सहा दिवसांनी हेलियमच्या साऱ्या ठळक रेषा.

पण हेलियम काचेतून नुसताच झिरपला असेल तर? त्यांनी त्याच नळीत साधा हेलियम भरून पाहिला. तो बाहेर आला नाही. हा परिच्छेद मी किती वेळा वाचला असेन!

कण केंद्रातून सुटतो कसा, हे १९२८मध्ये गॅमो यांनी आणि स्वतंत्रपणे गर्नी व काँडन यांनी उलगडले. केंद्राभोवतीचा ऊर्जेचा बांध ओलांडण्याइतकी शक्ती त्याच्यापाशी नसते. तरीही पुंजयामिकीनुसार तो पलीकडे आढळण्याची अत्यल्प शक्यता उरते. युरेनियम-२३८मध्ये ती इतकी क्षीण, की निम्मी केंद्रे फुटायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. पृथ्वीवरील बहुतेक सारा हेलियम असाच साठला आहे.

त्या मुलांपैकी कोणी हे वाचत असल्यास : लॉकयर विजयदुर्गास आले होते हे खरे, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तोवर रॅम्झी यांना पृथ्वीवरील खनिजात हेलियम सापडून तीन वर्षे होत आली होती.