दोन भाऊ आणि एक क्रियापद

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून होते. पहिल्या काही महिन्यांतच गुरुजींनी फळ्यावर तीन उभे रकाने आखले आणि त्यांत क्रियापदांची रूपे लिहिली. ‘गो, वेन्ट, गॉन’ आम्ही पाढ्यांच्या चालीवर म्हणत असू. ‘गो’चे ‘वेन्ट’ कसे झाले, असे मी एकदा विचारले. उत्तर मिळाले, “पाठ कर.” पुढे भाषाविज्ञानाकडे वळल्यावर उलगडा झाला की, ‘वेन्ट’ हे मुळी ‘गो’चे रूपच नव्हे. ‘वेन्ड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा तो भूतकाळ आणि ‘गो’ने तो आपलासा केला. गंमत अशी की, आपल्या ‘जाणे’चेही तेच झाले आहे. ‘जातो’ संस्कृतातील ‘या’ धातूकडून आला, तर ‘गेला’ ‘गम्’ धातूच्या ‘गत’ या रूपापासून. हे त्या वेळी कोणी सांगितले असते, तर त्या तक्त्याची भीती निम्मी कमी झाली असती.

विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी क्रियापदांविषयी आपण या पुस्तिकेत जे वाचाल त्यातील बरेचसे वर्गीकरण आहे. मुख्य आणि सहायक, सकर्मक आणि अकर्मक, नियमित आणि अनियमित. ते आवश्यक आहे, आणि परीक्षेलाही विचारले जाते. पण क्रियापद वाक्यात नेमके काय करते, हे मला एका विद्यार्थिनीच्या वहीने शिकवले. त्या वेळी मला पीएच.डी. मिळून बारा वर्षे झाली होती.

अभ्यासकेंद्रावर रविवारी तास असत. वर्गात अंगणवाडी सेविका, एसटीचे वाहक, लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या गृहिणी असे विद्यार्थी. मी ‘आपल्या कुटुंबाविषयी पाच वाक्ये इंग्रजीत लिहा’ असा स्वाध्याय दिला होता. चाळिशीच्या एका सेविकेने लिहिले होते, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स. वन ब्रदर इज एक्सपायर्ड.’ मी सवयीने लाल शाई चालवली. ‘ॲम हॅविंग’ खोडले, पुढच्या वाक्यावर नजर टाकली आणि वर ‘हॅड’ लिहून दिले. दुसऱ्या वाक्याखाली नुसतीच रेघ ओढली.

तास संपल्यावर ती वही घेऊन आली. म्हणाली, “सर, एक विचारू का? थोरला गेलाय. धाकटा पुण्यात आहे, कालच त्याचा फोन आला होता. हे ‘हॅड’ केलं, तर दोघंही गेले असं होतं ना?”

मी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तसाच थांबलो. तिचे म्हणणे बरोबर होते.

पहिली दुरुस्ती योग्यच होती, तिच्याबद्दल मला शंका नाही. ‘हॅव’ जेव्हा बाळगण्याचा वा नात्याचा अर्थ सांगते तेव्हा ते स्थितिवाचक असते, आणि इंग्रजीत स्थितिवाचक क्रियापद सहसा चालू काळात जात नाही. ‘नो’, ‘बिलॉन्ग’, ‘ओन’ हीही त्याच घरातली. स्थितीला सुरुवात, मध्य आणि शेवट असे टप्पे नसतात, मग ती ‘चालू’ आहे असे कसे म्हणायचे? झेनो व्हेंडलर या तत्त्वज्ञाने 1957 साली क्रियापदांची काळाच्या घडणीनुसार चार गटांत मांडणी केली, त्यांतला एक गट स्थितींचा आहे. मात्र हा नियम शब्दाला चिकटलेला नसून अर्थाला चिकटलेला आहे, हे आपण विसरू नये. ‘आय ॲम हॅविंग लंच’ हे निर्दोष इंग्रजी आहे, कारण तेथे ‘हॅव’चा अर्थ जेवणे असा आहे, आणि जेवण सुरू होते व संपते. भाऊ असणे तसे नाही.

मराठी माणूस या ‘हॅव’पाशी अडखळतो त्याचे कारण मात्र आळस नव्हे. आपल्याकडे ‘हॅव’ला थेट प्रतिशब्दच नाही. आपण ‘माझ्याजवळ पुस्तक आहे’ म्हणतो, ‘माझे घर आहे’ म्हणतो, ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणतो. विभक्ती बदलते, पण क्रियापद ‘असणे’ हेच. शेवटच्या वाक्यात ‘आहेत’ हे अनेकवचन भावांचे आहे. तेथे ‘असण्या’चे काम भाऊ करतात, ‘मी’ बाजूला चतुर्थीत उभा असतो. इंग्रजीत ‘आय’ कर्त्याच्या जागी येतो आणि भाऊ कर्म होतात. मराठीत भाऊ असतात, इंग्रजीत मी ते बाळगतो. ती बाई इंग्रजी वाक्य मराठीच्या कानाने ऐकत होती, आणि म्हणून तिला ते माझ्याआधी ऐकू आले. निरुक्तकार यास्काने नामाच्या मुळाशी सत्त्व आणि आख्याताच्या मुळाशी भाव, म्हणजे होणे, पाहिले होते. ती सूत्रे मी वर्षानुवर्षे वर्गात शिकवली होती.

काही गुण माणसाला जन्मभराचे चिकटलेले असतात. तो कुठला, कोणाचा कोण, कोणत्या रंगाच्या डोळ्यांचा. असे वाक्य भूतकाळात घातले की, गुणच काय, तो माणूसच संपल्याची छाया त्यावर पडते. ‘त्याचे डोळे घारे होते’ एवढे म्हटले तरी ऐकणारा गप्प होतो. मी लिहिलेल्या ‘हॅड’ने तेच केले होते. एका अक्षरसमूहाने पुण्यातला धाकटा भाऊही नेला होता.

माझी आई शेवटपर्यंत आपल्याला चार मुले असल्याचे सांगत असे. घरात आम्ही तिघेच वाढलो. माझ्याआधीची बहीण पहिल्या वर्षातच गेली होती. शिरगणतीला आलेल्या शिक्षकांनी “हयात किती?” असे विचारले की आई तीन म्हणे, आणि ते उठून गेल्यावर पुन्हा चार. लहानपणी मला हा हिशेबातला घोळ वाटे. वर्ड्सवर्थच्या ‘लिरिकल बॅलड्स’ या 1798 सालच्या संग्रहात ‘वुई आर सेव्हन’ ही कविता आहे. तिच्यातली लहान मुलगी दोन मृत भावंडे धरूनच आपली संख्या सांगते आणि प्रौढ माणसाची वजाबाकी तिला काही केल्या पटत नाही. ‘आर’ की ‘वेअर’ एवढाच तो वाद आहे. ही कविता मी बी.ए.ला असताना शिकलो, टिपणे काढली, उत्तरही लिहिले. आई मात्र तेव्हा आठवली नव्हती.

आता दुसऱ्या वाक्याचे. ‘इज एक्सपायर्ड’ची लाल रेघ मी काही प्रमाणात मागे घेतली पाहिजे. ‘एक्सपायर’ हा शब्द आज माणसांपेक्षा पारपत्राला किंवा औषधाला अधिक लागतो हे खरे, आपल्या देशी इंग्रजीत मात्र तो माणसांसाठी सर्रास चालतो. पण ‘हॅज’च्या जागी ‘इज’ वापरण्यात ती अगदी एकटी नव्हती. जुन्या इंग्रजीत जाणे, येणे, होणे अशा अकर्मक क्रियापदांचा पूर्ण काळ ‘बी’च्या साहाय्याने होत असे. फ्रेंच आणि जर्मन भाषांत तसे आजही होते. इंग्रजीत ‘ही इज गॉन’ एवढा अवशेष राहिला आहे. आपलेही ‘वारला आहे’ याच धाटणीचे. एक फरक मात्र उरतोच. ‘भाऊ वारला, बहीण वारली’ असे म्हणताना आपले क्रियापद लिंग सांगून जाते, इंग्रजी ‘डाइड’ला ते ठाऊक नसते. वर्तमानकाळातील तृतीय पुरुषी एकवचनाचा ‘एस’ आणि ‘बी’ची आठ रूपे सोडली, तर इंग्रजी क्रियापद कर्त्याकडे फारसे वळूनही पाहत नाही. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ असे कर्माच्या मागे धावणे तर त्याला माहीतच नाही.

त्या दिवशी एवढे सारे मी बोललो नाही. ‘हॅड’ खोडले आणि ‘आय हॅव टू ब्रदर्स’ असे लिहिले. दुसऱ्या वाक्यासाठी तिच्यापुढे पर्याय ठेवले. ‘वन ऑफ देम इज डेड’ म्हणजे आजची स्थिती. ‘वन ऑफ देम डाइड’ म्हणजे घडून गेलेली घटना, आणि तिच्याबरोबर केव्हा ते सांगता येते. ‘हॅज डाइड’ घेतले, तर मात्र पुढे वर्ष लिहिता येत नाही.

तिने विचारले, “वर्ष लिहिलेलं चालतं का?”

चालते म्हटल्यावर तिने उभ्या उभ्याच ‘डाइड’ लिहिले, त्याच्यापुढे वर्ष घातले, आणि पहिल्या वाक्यातला ‘टू’ नीट दिसतो ना, हे पाहून वही पिशवीत ठेवली.