दोन दिवस, चार दोस्त आणि भाड्याची गाडी

मुंबईतून शनिवारी सकाळी सुटायचं आणि रविवारी रात्री परत यायचं, तेही स्वत:ची गाडी नसताना! मस्त जमतं. फक्त प्लॅनिंग किलोमीटरमध्ये नाही, तासांमध्ये करायचं.

मुंबईत गाडी घेणं एक वेळ सोपं, पण ती ठेवायची कुठे? माझ्या भाड्याच्या वन-बीएचकेला पार्किंग नाही, ग्रुपमधल्या बहुतेकांच्या बिल्डिंगमध्येही बोंबच आहे. ऑफिसला जायला लोकल आहे, मेट्रो आहे. मग ईएमआयचं लोढणं गळ्यात कशाला घ्यायचं? त्यापेक्षा दोन महिन्यांतून एकदा सेल्फ-ड्राइव्ह गाडी भाड्याने घ्यायची आणि सुटायचं, हा आमचा गेल्या तीन वर्षांचा शिरस्ता आहे. एवढ्या ट्रिप्स करून एक गोष्ट मात्र पक्की कळलीय. वीकेण्ड बिघडतो तो बहुतेक वेळा हॉटेलमुळे नाही, पावसामुळे नाही, तर वेळेच्या चुकलेल्या गणितामुळे.

सुरुवात रविवारपासून

सगळे जण शनिवारी किती वाजता निघायचं यावर व्हॉट्सअॅपवर भांडतात. तुम्ही रविवारपासून उलटं मोजत या. समजा, गाडी रात्री नऊला परत द्यायची आहे. त्याआधी पेट्रोल भरायचं, ग्रुपला घरोघरी सोडायचं, म्हणजे साडेसातला तुम्ही मुंबईच्या हद्दीत हवेत. संध्याकाळी अख्खी मुंबई परत येत असते, त्यामुळे जाताना चार तास लागले असतील तर येताना साडेपाच धरा. म्हणजे निघायचं दुपारी दोनला! थोडक्यात, रविवारचं जेवण झालं की ट्रिप संपली. हे आधीच मान्य केलं की शनिवार आपोआप लवकर सुरू होतो. माझा नियम सोपा आहे : जाताना चार तासांच्या पलीकडचं ठिकाण दोन दिवसांत करायचं नाही. सप्टेंबरातलं कास पठार कितीही खुणावत असलं तरी त्याला सोमवारची सुट्टी जोडा.

हे गणित फक्त लेट फी वाचवण्यासाठी नाही. मागच्या वर्षी परतताना आमच्यातला एक जण पहाटे चारपासून जागा होता. पनवेलच्या अलीकडे त्याने स्वत:हून गाडी एका टपरीजवळ बाजूला घेतली आणि म्हणाला, ‘‘बस्स, आता मी चालवणार नाही. डोळे मिटतायत.’’ आम्ही चहा घेतला, तो मागे जाऊन झोपला आणि दुसरीने स्टिअरिंग हातात घेतलं. बुकिंग करतानाच तिचं नाव दुसरी ड्रायव्हर म्हणून घातलेलं होतं म्हणून हे शक्य झालं. ज्याचं नाव कागदावर नाही त्याने गाडी चालवली आणि काही झालं, तर विमा हात वर करू शकतो. गाडी द्यायला आम्हाला एक तास उशीर झाला, तासाचे जादा पैसे पडले. इतके स्वस्त पैसे मी आयुष्यात भरले नसतील.

गाडी कुठे नको?

भाड्याची गाडी तिथेच न्यायची, जिथे गाडीशिवाय भागत नाही. माथेरानला गाड्यांना बंदी आहे. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावर दोन दिवस उभी राहणार आणि भाड्याचा मीटर चालू! त्यापेक्षा लोकलने नेरळ गाठा. पावसाळ्यातल्या लोणावळ्याचंही तेच. शनिवारी ट्रेनने दोन-अडीच तासांत पोहोचता येतं आणि घाटातल्या रांगेत क्लचवर पाय दुखत नाही. गाडी हवी ती, जिथे एसटी दिवसातून मोजक्या वेळा जाते आणि बघण्यासारख्या जागा एकमेकींपासून लांब आहेत तिथे. अशा तीन ट्रिप्स, तीन वेगवेगळ्या दिशांच्या.

ईशान्येला : भंडारदरा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि भंडारदरा एकदम जवळ आलं. पूर्वी कसारा घाटात ट्रकच्या मागे रखडायला व्हायचं. आता जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून तुम्ही थेट इगतपुरीला निघता. खरा वेळ खातो तो ठाण्याच्या माजिवड्यापासून भिवंडी बायपासचा पट्टा, म्हणून तो सकाळी सातच्या आत ओलांडा. टाकी आणि पोट, दोन्ही समृद्धीला लागण्याआधी भरून घ्या.

इगतपुरीहून घोटी, तिथून बारी गावावरून शेंडी. बारी म्हणजे १,६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातल्या सर्वात उंच कळसूबाईचा पायथा. शेंडीत मुक्काम टाकला की गाडीचा खरा फायदा कळतो. १९२६ साली बांधून पूर्ण झालेलं विल्सन धरण, प्रवरेवरचा रंधा धबधबा, रतनवाडीचं अमृतेश्वराचं कोरीव देऊळ, साम्रदची सांदण दरी, घाटघरचा कोकणकडा हे सगळं जलाशयाच्या आजूबाजूला विखुरलेलं आहे. सांदणमध्ये पावसाळ्यात उतरायचं नाही, दरीतून पाण्याचा लोंढा येतो. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला इथे काजव्यांनी झाडंच्या झाडं लखलखतात. तेव्हा हेडलाइट आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. उजेडामुळे काजव्यांचं एकमेकांना शोधणंच थांबतं, मग तुम्ही बघणार काय?

दक्षिणेला : मुरुड, तेही बोटीने

अलिबागला जाताना वडखळच्या ट्रॅफिकला शिव्या घालणाऱ्यांसाठी २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली. गाडी बोटीच्या पोटात घालायची, आपण वर डेकवर वारा खायचा आणि साधारण तासाभरात गाडीसकट पलीकडे! तिकीट गाडीच्या आकारानुसार असतं आणि शनिवार सकाळच्या फेऱ्या लवकर भरतात, त्यामुळे आधी रो-रोचं बुकिंग, मग गाडीचं. गाडी बोटीवर चढवायला चालेल का, हे भाड्याच्या कंपनीला आधी विचारून ठेवा.

पुढे अलिबाग, रेवदंडा, कोर्लई, काशीद, मुरुड. अलिबाग ते मुरुड जेमतेम पन्नास किलोमीटर, पण थांबावंसं वाटेल इतकं की अर्धा दिवस जातो. कोर्लईला जरूर थांबा. किल्ला पोर्तुगीजांचा आहेच, पण पायथ्याच्या गावातली काही कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली स्वत:ची बोली बोलतात. मुंबईपासून इतक्या जवळ अशी भाषा जिवंत आहे, हे आपल्याला माहीतच नसतं. जंजिऱ्याला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात त्या बंद असतात.

तीन दिवस असतील तर आगरदांड्याहून जंगलजेट्टीने गाडीसकट दिघीला उतरा आणि दिवेआगर, श्रीवर्धन करा. दोन दिवसांत मात्र हा मोह टाळा, कारण परतीची वाट माणगाववरून मुंबई-गोवा हायवेला लागते. २०११ साली सुरू झालेलं तिथलं रुंदीकरण वर्षानुवर्षं रखडलं. रविवार संध्याकाळचा माणगावचा जॅम मी दोनदा भोगलाय, बस्स झाला.

उत्तरेला : जव्हार

लोणावळ्याची गर्दी नको आणि खिसाही हलका आहे, तर जव्हार. अहमदाबाद हायवेने मनोर, तिथून विक्रमगडमार्गे वर चढायचं. मुकणे घराण्याच्या संस्थानाची ही राजधानी. त्यांचा जय विलास राजवाडा, दाभोसा धबधबा आणि १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम झाला असं सांगतात तो शिरपामाळ, असा ऐवज इथे आहे. वारली चित्रकारांकडून थेट चित्र घ्या आणि घासाघीस करू नका. मॉलमध्ये आपण करतो का?

या हायवेबद्दल एक गंभीर गोष्ट. मनोरच्या पुढे चारोटीजवळ सप्टेंबर २०२२ मध्ये झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. आपल्याकडे ‘मागे कशाला बेल्ट?’ म्हणणारा एक तरी दोस्त असतोच. गाडी सुरू करायची ती चार क्लिक ऐकू आल्यावरच. चिडवू देत.

चावी घेण्याआधी

नंबरप्लेट : अधिकृत सेल्फ-ड्राइव्ह गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात मिळाली, तरी अपघात झाल्यावर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

व्हिडीओ : गाडी घेताना चारही बाजू, टायर, स्टेपनी, काच आणि पेट्रोलचा काटा मोबाइलवर शूट करा. एकदा गाडी परत देताना बंपरवरचा ओरखडा माझ्या नावावर घालायचा प्रयत्न झाला होता. मी शनिवार सकाळचा व्हिडीओ दाखवला, विषय संपला.

वेग : समृद्धीवर मर्यादा ताशी १२० असली तरी अनेक कंपन्यांची स्वत:ची मर्यादा त्याहून कमी असते आणि गाडीतलं जीपीएस चुगली करतं. वर चलान आलं तर तेही तुमच्याच डिपॉझिटमधून जातं.

फास्टॅग : त्यात किती पैसे आहेत आणि ते कुणी भरायचे, हे आधीच विचारा.

हिशोब : चारशे किलोमीटरची ट्रिप आणि लिटरला पंधराचं मायलेज, म्हणजे साधारण २७ लिटर पेट्रोल. त्यात भाडं, टोल मिळवा आणि चाराने भागा. आकडा शुक्रवारीच ग्रुपवर टाका, म्हणजे सोमवारी मैत्री शाबूत राहते.

आता राहिला एकच प्रश्न, शनिवारी सकाळी सहाला उठणार कोण? त्याचं उत्तर सोप्पं आहे. चावी ज्याच्याकडे असेल, तो!