थोरल्याची शाळा

आज त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीपाशी बराच वेळ बसले. परंपरा सांगते, ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तींना उपदेश केला आणि त्यांनी तो ज्ञानदेवांना दिला. गुरू कोण, तर जेमतेम दोन वर्षांनी मोठा भाऊ!

व्हिगॉट्स्की (१८९६–१९३४) या रशियन मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं आठवलं. मुलाला एकट्याला जमतं ते आणि कुणाच्या मदतीनं जमतं ते, या दोहोंमधल्या जागेत शिकणं घडतं. मदतनीस शिक्षकच हवा असं नाही. थोडा पुढे गेलेला सवंगडीही चालतो. मला वाटतं, आपण कुठं अडलो होतो हे त्याला अजून आठवत असतं.

धाकट्याला कडेवर घेतलेली मुलगी शाळेत कशी येणार? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंडं सोबतच आली.

आणि मुक्ताई? रुसलेल्या ज्ञानदेवांची समजूत तिनं, सर्वांत धाकटीनं, काढली. म्हणजे शिकवणं वयाची उतरंड मानत नाही. आपण मात्र इयत्तांच्या भिंती घालतो. जूनमध्ये वाचनाच्या तासाला दुसरी आणि चौथी एकत्र बसवायचीच.