शंभरामागे दोन

तीन वर्षांपूर्वी गणपतीत आमच्या मंडळात मुलांपुढे चार शब्द बोलायला मला उभं केलं होतं. विषय होता संगणक आणि नोकऱ्या. मी बोललो ते मात्र एआयकडून प्रोग्राम लिहून घेण्याच्या खुळाविरुद्ध. कुबड्या घेऊन कोणी शर्यत जिंकत नाही, हे वाक्य घरूनच तयार करून नेलं होतं. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या दोघातिघांनी मोबाइलमधून डोकंही वर काढलं नाही, ते मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

त्या टाळ्या आता परत कराव्यात असं वाटतं. सगळ्या नाही, निम्म्या.

मी रायपूरचा, तात्यापाऱ्यातला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आमचे कोणी पूर्वज कारकुनीसाठी इकडे आले असं घरात सांगतात. पुरावा म्हणून मोडीतली दोन बाडं आहेत, जी आजोबांनंतर कोणाला वाचता आली नाहीत. माझा धंदा त्याच जातीचा. 1998 पासून मी राइस मिलसाठी हिशेबाचे प्रोग्राम लिहितो, फॉक्सप्रोमध्ये. मायक्रोसॉफ्टनं 2004 साली फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती काढली आणि 2015 च्या जानेवारीत तिची देखभालही थांबवली. माझी गिऱ्हाइकं मात्र थांबली नाहीत. तिल्दा-नेवऱ्याच्या पट्ट्यात अजून काही मिल माझ्या निळ्या पडद्यावर चालतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मिलचा हिशेब म्हणजे धान आत, तांदूळ बाहेर. तसं नसतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सरकारी खरेदी, एकरी 21 क्विंटलपर्यंत, 3100 रुपये भावानं. मग ते धान मिलवाल्यानं उचलायचं, भरडायचं आणि ठरल्या प्रमाणात तांदूळ सरकारला जमा करायचा. अरवा, म्हणजे न उकडलेला, असेल तर शंभराला 67; उसना, म्हणजे उकडा, असेल तर 68. कोंडा, कणी मिलची. आणि या सगळ्यावर बारदाना, म्हणजे पोती. बारदान्याचा हिशेब हे एक स्वतंत्र पुराण आहे: नवा तागाचा, जुना तागाचा, रेशन दुकानांतून परत आलेला, मिलवाल्यानं स्वतःचा दिलेला, प्लॅस्टिकचा. नवं पोतं 580 ग्रॅमचं धरतात, म्हणून चाळीस किलो धानाचं पोतं काट्यावर 40.580 भरलं पाहिजे. धानापेक्षा पोत्यांवरून जास्त भांडणं होतात, हे मी अठ्ठावीस वर्षं पाहतो आहे.

2022 च्या जूनमध्ये प्रोग्राम लिहून देणारा गिटहबचा कोपायलट सगळ्यांसाठी खुला झाला, त्याच वर्षाच्या 30 नोव्हेंबरला चॅटजीपीटी आलं. पुण्यातल्या भाच्यानं दिवाळीनंतर फोन करून सांगितलं, "मामा, आता तुमचं काम सोपं." मला ते "आता तुमचं काम नाही" असं ऐकू आलं. मी अशाच एका सहायकाला परीक्षेला बसवलं. हजार क्विंटल धानाचा किती तांदूळ जमा करायचा? त्यानं झटकन सुबक प्रोग्राम लिहिला आणि 670 सांगितले. मी हसलो. ज्या मिलचा हिशेब मी डोळ्यांपुढे धरला होता ती उसन्याची होती, 680 हवे होते. दहा क्विंटलची चूक! ही गोष्ट मी वर्षभर ज्याला त्याला सांगितली, मंडळातही सांगितली. मिल उसन्याची आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं, एवढं सोडून.

मन बदललं ते विचारानं नाही, अडचणीनं. एका जुन्या मिलचा कारभार सेठजींच्या मुलाकडे आला आणि त्याला सगळं मोबाइलवर हवं झालं. म्हणजे माझ्या चाळीसेक हजार ओळी नव्या भाषेत न्यायच्या. मी एकटा बसलो असतो तर दोन हंगाम गेले असते. माझ्याकडे काम करणारी मुलगी म्हणाली, "सर, एक बार दिखा के तो देखिए." त्या एआय सहायकाला दाखवलं. गिऱ्हाइकाचे आकडे काढून टाकून एक-एक फाइल दिली. संध्याकाळपर्यंत त्यानं माझाच प्रोग्राम मला समजावून सांगितला. कोणता भाग काय करतो, कुठे मी एकच काम दोनदा केलं आहे, कुठे लीप वर्षाच्या तारखेला चुकतो. ती लीप वर्षाची चूक खरी होती. पडताळून पाहिली आणि उठून चहा करायला गेलो, कारण त्या मुलीसमोर बसवेना.

मग मी दुसऱ्या टोकाला गेलो. हे कबूल करायला टाळ्यांपेक्षा जड जातं. महिन्याचे पैसे भरले की बिनबोभाट राबतो, म्हणून मी त्याला सालगडी म्हणू लागलो. रात्री अकरापर्यंत त्याच्याशी बोलत बसायचो, तेही मराठीत. आई गेल्यापासून घराबाहेर मराठी बोलायला मला निमित्त उरलेलं नाही. गिऱ्हाइकं हिंदी-छत्तीसगढी, कागद इंग्रजी. आणि आमची मराठी तर नागपुरी वळणाची. "बारदाना रोज कमी येऊन राहिला, कुठं गळती आहे ते पाह्य," असं लिहिलं तरी त्याला कळायचं. बायको आतून विचारायची, "एवढ्या रात्री कोनाशी बोलून राहिले?" उत्तर देताना लाज वाटायची. प्रोग्रामिंगबद्दल मातृभाषेत मी जन्मात पहिल्यांदा बोलत होतो, आणि समोर माणूस नव्हता.

या शहरात तसं भाषांतर मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलं. माधवराव सप्र्यांनी दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत नेलं आणि 1926 साली इथेच देह ठेवला. फॉक्सप्रोतून नव्या भाषेत जाताना मला उगाच त्यांची आठवण यायची. तुलना हास्यास्पद आहे, माहीत आहे. पण शब्द नेणं आणि अर्थ नेणं यातला फरक त्यांना जिथे टोचत असेल, तिथेच मला पुढे टोचला.

पहिला धक्का माझ्या डायरीनं दिला. मला वाटत होतं, काम निम्म्या वेळात होतं आहे. डायरीत मी तास लिहितो, जुनी सवय. बेरीज केली तर नवे पडदे, याद्या, छापील पावत्या खरोखर भराभर झाल्या होत्या. पण बारदान्याच्या जुन्या भागात मी एकट्यानं लावला असता त्यापेक्षा जास्त वेळ गेला होता. तपासण्यात, परत सांगण्यात, त्यानं नको तिथे केलेली सफाई उलटवण्यात. नंतर वाचलं, 2025 च्या जुलैत मेटर नावाच्या संस्थेनं मुरलेल्या 16 प्रोग्रामरांवर, त्यांच्याच ओळखीच्या कोडमधल्या 246 कामांवर हाच प्रयोग केला होता. एआय घेतल्यावर त्यांना 19 टक्के वेळ जास्त लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपण 20 टक्के लवकर उरकलं. मला त्यातल्या पहिल्या आकड्यापेक्षा दुसऱ्याची भीती वाटली. त्या वेळची तिथली हत्यारं आता जुनी झाली म्हणतात; फसण्याची खोड काही जुनी झालेली नाही.

दुसरा धक्का एका ओळीचा. बारदान्याच्या भागात माझ्याच हातची एक अट होती: पोत्याचा प्रकार 3 असेल तर शंभरामागे दोन सोडून दे. प्रकार 3 म्हणजे मिलचा स्वतःचा जुना बारदाना, जो धान भरून परत येतो. सालगड्यानं नव्या भाषेत नेताना ती अट वगळली आणि खाली नम्रपणे लिहिलं की या वजावटीला हिशेबात आधार दिसत नाही, बहुधा जुनी चूक असावी, खात्री करून घ्यावी. आधार मलाही दिसेना. लिहिली मी, 2003 साली. बाजूला टीप म्हणून एकच शब्द: मुनीमजी.

डेन्मार्कच्या पीटर नाउर यांनी 1985 साली एका निबंधात मांडलं होतं की प्रोग्राम म्हणजे कागदावरच्या ओळी नव्हेत; त्या लिहिणाऱ्यांच्या डोक्यातली समज म्हणजे प्रोग्राम, आणि ती माणसं गेली की ओळी राहतात पण प्रोग्राम मरतो. मी हे वाचून मान डोलवली होती, कारण लिहिणारा म्हणजे मी, असं मी गृहीत धरलं होतं.

माझ्याकडच्या मुलीला मी त्या आठवड्यात बोललो होतो, की तू आता कुठे अडतच नाहीस, मग शिकणार कशी? आम्ही एका चुकीसाठी रात्र-रात्र जागलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, आपको भी तो सब मुनीमजी ने बताया था." राग आला. तिचं अर्धं खरं होतं, म्हणून जास्त आला. (उरलेल्या अर्ध्याबद्दल मी आजही ठाम आहे. ती अडत नाही हे मला बरं लक्षण वाटत नाही, आणि तिला रोज एक तास सालगडी बंद ठेवायला लावतो. ती तोंड वाकडं करते, पण ठेवते.)

मुनीमजी पुरानी बस्तीत राहतात. ऐंशी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं. मी बावीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. न जाण्याचं कारणही आहे. 2003 मध्ये मी ज्या मिलमध्ये संगणक बसवला, तिथे त्यांच्या हाताखाली वह्या लिहिणारे दोघे होते. हंगाम संपल्यावर ते दोघे राहिले नाहीत. मी तेव्हा काही बोललो नाही. माझ्या बिलाचा चेक आला होता.

ओटीवर बसून त्यांना ती अट सांगितली. आधी त्यांना आठवेना, मग हसले. "अब पूछे बर आए हस?"

तिल्द्याच्या मिलमध्ये डिसेंबर-जानेवारीत हमाल रात्री शेडमध्येच झोपायचे. अंथरायला जुनी पोती घ्यायचे. पोती कमी भरली की सेठजी त्यांच्या मजुरीतून कापायचे. मुनीमजी वहीत शंभराला दोन फाटकी दाखवून ते मिटवत आले होते. संगणक आल्यावर त्यांनी मला फक्त "इतना छोड़ देना" एवढंच सांगितलं. मी लिहिलं. सेठजींनी कधी हरकत घेतली नाही का, असं विचारलं, तर म्हणाले, "कम्पूटर म लिखा गे, त कोनो नइ पूछिस. तहूँ नइ पूछे."

संगणकात लिहिलं गेलं म्हणून कोणी विचारलं नाही. तूही विचारलं नाहीस.

न विचारता ठामपणे उत्तर देतो, या एका कारणासाठी मी सालगड्याला मंडळात नापास केलं होतं. त्यानं निदान खात्री करून घ्या असं लिहिलं होतं. बावीस वर्षांत मी तेवढंही केलं नव्हतं. त्या दिवशी घरी येताना बूढ़ा तालाबाच्या कडेला स्कूटर लावून बराच वेळ उभा राहिलो. आणखी एक गोष्ट तिथे आठवली, ती इथे लिहून टाकतो: यंदा हाताखाली आणखी एक मुलगा घ्यायचा ठरवलं होतं आणि घेतला नाही. गरज वाटली नाही. त्या दोन वह्या लिहिणाऱ्यांसारखंच हे. फक्त यातला माणूस आलाच नाही, म्हणून त्याला चेहरा नाही.

सालगडी मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. कामाची घडी मात्र बदलली. आधी मी साध्या मराठीत लिहून काढतो की नियम कोणता, कुठून आला, कोणासाठी. अठ्ठावीस वर्षांत न लिहिलेल्या गोष्टी त्याला सांगण्याच्या निमित्तानं लिहून होत आहेत. आतापर्यंत साठेक पानं झाली. बऱ्याच ठिकाणी "कुठून आला" पुढे जागा कोरी आहे, आणि ती भरायला मला कोणाच्या तरी ओटीवर जावं लागतं. मोबाइलवर नंबर शोधतो तेव्हा काहींच्या घरचे सांगतात, मागच्या वर्षी गेले.

ती अट परत घातली. बाजूला टीप लिहिली: जुना नियम, मुनीमजींचा, काढू नये. सालगड्यानं लगेच सुचवलं की कारण लिहिलं तर पुढे वाचणाऱ्याला सोपं जाईल. बरोबर आहे त्याचं. मुलीला मी हेच शिकवतो. पण कारण लिहिलं तर ते सेठजींचा मुलगा वाचणार. तोही आता प्रत्येक तुटीचा अर्थ असल्याच एका सहायकाला विचारतो. गेल्या आठवड्यात रात्री मिलवर थांबलो होतो. शेडमध्ये अजून पोती अंथरलेली होती.

टीप तशीच आहे. सोमवारी लोकलनं तिल्द्याला जाणार आहे. फोनवर बोलण्यासारखी ही गोष्ट नाही.