डिझेलचं बिल येतं अकाउंट्सकडेच

पुण्याजवळ नट-बोल्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात मी बरीच वर्षं आहे. पूर्वी पर्यावरण हा विषय सेफ्टी ऑफिसरकडे असायचा. पाच जूनला झाडं लावली जायची आणि आम्ही रोपांचं बिल पास करायचो.

१ ऑक्टोबर २०२३ पासून युरोपीय संघाने बाहेरून येणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालाच्या कार्बनचा हिशोब मागायला सुरुवात केली. या व्यवस्थेला सीबॅम म्हणतात. त्या यादीत बोल्टही आहेत. आमच्या जर्मन ग्राहकाने एक्सेल शीट पाठवली: टनामागे कार्बन किती? शीट प्रॉडक्शनकडून क्वालिटीकडे फिरली आणि शेवटी आमच्या टेबलावर आली. योग्यच झालं. महावितरणचं बिल, जनरेटरचं डिझेल, भट्टीचा एलपीजी, सगळ्याची कागदपत्रं आमच्याच व्हाउचरांना जोडलेली असतात.

अडचण अशी की आमच्या खात्यात डिझेल रुपयांत दिसायचं, लिटरमध्ये नाही. मग प्रत्येक एंट्रीला परिमाणाचा रकाना जोडला. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, ग्रिडच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो. गुणाकार कोणीही करेल. पण स्टोअरचं रजिस्टर आणि बिल जुळतंय का, फोर्कलिफ्टचं डिझेल जनरेटरच्या नावावर पडलंय का, हे तपासायची सवय अकाउंट्सवाल्यांनाच असते. आकडे जुळल्यावर कळलं की सर्वात मोठा वाटा आमच्या कारखान्यातला नाहीच. तो विकत घेतलेल्या वायर रॉडमधून येतो. ब्लास्ट फर्नेसच्या मार्गाने झालेल्या एक टन पोलादामागे दोन टनांहून जास्त कार्बन जातो, भंगार वितळवून केलेल्यात त्याहून बराच कमी. परचेस विभाग मात्र फक्त दर बघायचा. आता तुलनेच्या तक्त्यात कार्बनचाही रकाना असतो.

मला सर्वात महत्त्वाची वाटते ती भांडवली खर्चाची फाइल. मेंटेनन्सच्या साहेबांचा नव्या कॉम्प्रेसरचा प्रस्ताव दरवर्षी परत जायचा, कारण दोन वर्षांत पैसे वसूल झाले पाहिजेत असा नियम होता. मशीन चालणार पंधरा वर्षं आणि निर्णय मात्र दोन वर्षांच्या हिशोबावर! मी पूर्ण आयुष्याचा वीजखर्च मांडला आणि त्यात कार्बनची किंमतही धरली. महिंद्रा अँड महिंद्राने २०१६ मध्येच टनामागे दहा डॉलर अशी अंतर्गत किंमत ठरवली होती. नोटमध्ये तो दाखला दिला. डायरेक्टरांनी दोन-चार प्रश्न विचारून सही केली. सीएसआरच्या दोन टक्क्यांची चर्चा खूप होते, पण माझ्या मते कारखान्याचं खरं वळण अशा सह्यांवर ठरतं.

सध्या प्लेटिंग करून देणाऱ्या छोट्या जॉबवर्कवाल्यांचे आकडे गोळा करतेय. त्यांच्याकडे या कामाला माणूस नसतो, म्हणून त्यांची वीजबिलं घेऊन मीच बसते. त्यातले एक म्हणाले, "मॅडम, आकडे देतो, पण पेमेंट वेळेवर सोडा." रास्त मागणी आहे. लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असा कायदाच आहे, आणि पैसे अडकले तर ते छपरावर सोलर बसवणार कुठून? त्यांची बिलं आता आम्ही दर आठवड्याच्या यादीत सर्वात वर घेतो.